न्यू जर्सीत हॉलो पॉइंट नको, मग काय? खाचांची तांब्याची गोळी की पॉलिमर टोक?

एडिसनचा_बाण:
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यू जर्सीत सामान्य माणसालाही पिस्तूल बाळगायचा परवाना मिळू लागला. पण हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी, घरात आणि रेंजवर जाता-येता अशा मोजक्या अपवादांतच चालते. परवाना खिशात असला तरी ती भरून रस्त्यावर हिंडता येत नाही. माझं मत: लीहाय एक्स्ट्रीम डिफेन्डरसारखी अखंड तांब्याची गोळी घ्या. टोक प्लस स्क्रू-ड्रायव्हरसारखं, बाजूला खाचा. फुलायचंच नसल्यामुळे जीन्सचं कापड खळग्यात अडकून गोळी फुलली नाही, ही भानगडच नाही.

चाप_सांभाळून:
कापडाचा मुद्दा मान्य, पुढचं नाही. खाचा आजूबाजूचं द्रव बाहेर भिरकावून मोठी जखम करतात, हा कंपनीचा दावा जिलेटिनमधल्या (मांसाऐवजी चाचणीला वापरतात तो ठोकळा) चिरा बघून केलेला आहे. जिलेटिन फाटतं, स्नायू ताणला जातो आणि परत जागेवर येतो. पिस्तुलाच्या वेगाला या तात्पुरत्या ताणावर विसंबू नका, असं एफबीआयच्या १९८९ च्या अहवालातच आहे. मायामीत ११ एप्रिल १९८६ ला गोळीबारात एफबीआयचे दोन एजंट मेले. त्या चकमकीत ११५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) ९ मिमी गोळी हल्लेखोराच्या हृदयाच्या अलीकडे थांबली होती. तिथूनच जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच खोलीचा निकष आला. आधी खोली, मग रुंदी. फुललेली हॉलो पॉइंट दोन्ही देते, खाचांची गोळी आपल्या मूळ व्यासाएवढीच राहते.

एडिसनचा_बाण:
पण आमच्याकडे बाहेर हॉलो पॉइंट चालतच नाही हो! तुलना साध्या वेष्टित (धातूचं आवरण असलेल्या, न फुलणाऱ्या) गोळीशी करा. ती ९ मिमीमध्ये जिलेटिनच्या २४ इंचांपार जाते. पलीकडे कोण उभं आहे, ते तिला काय माहीत?

चाप_सांभाळून:
मग हॉर्नाडी क्रिटिकल ड्यूटी घ्या. १३५ ग्रेन, खळग्यात पॉलिमर भरलेलं, कापड आत शिरत नाही, तरी फुलते. खळगा भरलेला असल्यामुळे राज्य पोलीस तिला हॉलो पॉइंट धरत नाहीत. त्यांचं ताजं मार्गदर्शन वाचून मगच भरा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नको.

छोटी_नळी:
तुम्ही दोघं ९ मिमीतच अडकलात. खिशातल्या छोट्या पिस्तुलाच्या .३८० या कमी ताकदीच्या कॅलिबरमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे हॉलो पॉइंट फुलली तर बऱ्याचदा १२ इंचांआधी थांबते, न फुलली तर साध्या गोळीसारखी जाते. त्या कॅलिबरला खाचांची ६८ ग्रेन मला पटते. ९ मिमीला मात्र पॉलिमर टोकच. आणि ती यूट्यूबवरची पारदर्शक जेली १० टक्के जिलेटिन नव्हे. तिच्यात गोळी सहसा जास्त खोल जाते, आकड्यांची सरमिसळ करू नका. खऱ्या जिलेटिनची आधी परीक्षा घेतात: ५९० फूट प्रति सेकंदाने सोडलेला छर्रा साधारण ८.५ सेंमी शिरला तरच ठोकळा ग्राह्य.

तेलपाणी:
कोणतीही घ्या, पण वीसची एक पेटी आणून थेट कमरेला लावू नका. किमान शंभर गोळ्या त्याच पिस्तुलातून, त्याच मॅगझिनमधून झाडा (इथे मॅगझिनला १० ची मर्यादा आहे, तेव्हा सगळी मॅगझिन तपासायला वेळ लागतो). ९ मिमीमधली खाचांची ९० ग्रेनची हलकी गोळी वेगाने जाते, धक्का कमी बसतो. ताठ स्प्रिंगच्या पिस्तुलात स्लाइड (झाडल्यावर मागे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे येते का बघा. शिवाय १२४ ग्रेनवर जुळवलेली साइट (नेम धरायची खूण) असेल तर हलकी गोळी सहसा थोडी खाली लागते. रोज रात्री काढून सकाळी तेच काडतूस नळीत चढवत असाल, तर गोळी हळूहळू केसमध्ये (काडतुसाच्या नळकांड्यात) दबते आणि झाडताना आतला दाब धोकादायक वाढतो. नवीन काडतूस शेजारी उभं करून बघा. उंचीत फरक दिसला की ते बाजूला काढा, पुन्हा नळीत घालू नका.