पाझर तलावाच्या पाळीखालून पाणी निघून रायलं, दाबून टाकू का?

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. यवतमाळ साईडचा आहे मी. आमच्या गावच्या नाल्यावर पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर झालेला, आमची आजी तिथं मातीची टोपली वाहायले जात होती. पाळ, म्हणजे मातीचा बांध, असन पंचवीसेक फूट उंच. पाळीखाली आमचं साडेतीन एकर वावर आणि त्याच्या खाली नाल्याच्या काठानं वीस-बावीस घरं. यंदा पाऊस असा धो धो आला की तलाव पंधरा दिवसातच भरला. परवा खत द्यायले गेलो त पाळीच्या पायथ्याशी एका जागी चिखल झालेला अन त्यातून पाणी झुळझुळ निघून रायलं, धार बोटाएवढी असन. आधी तिथं नुसती ओल रायची, वाहत नव्हतं. बाबाले सांगतलं त म्हणे पाझर तलाव हाय, पाझरन नाही त काय करन. सरपंचबी तेच म्हणाले. एका ऑफिसात गेलो तर साहेब साईटवर, दुसऱ्या ऑफिसात म्हणे हा तलाव आमच्याकडे येतच नाही.

अजून दोन गोष्टी. पाळीवर बाभळी मोठ्या झाल्या आहेत, त्यातली एक कवेत न मावणारी वाळून गेली. अन वेस्टवेअरवर, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायच्या सांडव्यावर, कोणीतरी रेतीच्या चुंगड्या (पोती) टाकल्या, दीड फूट तरी पाणी जास्त थांबलं आहे. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, काळी माती आणून ते भोक गच्च दाबून टाकू का?

रिटायर ओव्हरसियर
दाबू नको रे बाबा. आधी हे वाच, मग ट्रॅक्टरची चावी घे.

पाझर तलाव पाझरतो हे खरं, पण कुठून पाझरतो ते पाहायचं असतं. अशा तलावात पाळीखालचा पाणी अडवणारा चर मुद्दाम फार खोल नेत नाहीत, म्हणजे पाणी तळातून जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. तो पाझर डोळ्याला दिसतच नाही, विहिरीत दिसतो. पाळीच्या अंगातून किंवा पायथ्यातून धार लागली तर ती वेगळी गोष्ट. सरपंचांना हे सांग, नम्रपणे सांग, नाहीतर ते ऐकणार नाहीत.

आता ती धार. धार किती जाड यापेक्षा ती कशी आहे ते बघ. काचेची किंवा साधी पारदर्शक बाटली घे, धारेचं पाणी भर, घरी रात्रभर ठेव. सकाळी पाणी नितळ आणि तळाला काही नाही तर थोडा दम खा, पण रोज बघत राहा. तळाला माती बसली तर समज पाणी पाळीचा भराव घेऊन चाललंय. आम्ही याला पायपिंग म्हणायचो. हे खालच्या तोंडापासून सुरू होतं आणि आतल्या आत तलावाकडे सरकत जातं, वरून पाळ एकदम ठणठणीत दिसते आणि आत नळी तयार झालेली असते. एकदा ती नळी तलावाच्या पाण्याला भिडली की मग तास-दोन तासाचा खेळ.

भोक दाबलं तर काय होईल? पाणी काही थांबत नाही, पाळीत साचतं, भराव भिजून जड होतो आणि मग पायथा बसतो किंवा धार दुसरीकडून, जास्त जोरानं फुटते. पाण्याला वाट द्यायची, मातीला नाही. त्यासाठी धारेवर आधी धुतलेली जाड रेती टाक, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर मोठी गिट्टी, दोन-तीन मीटर आजूबाजूला पसरून. क्रम उलटा करू नको. काळी माती त्याच्या जवळपासही नको.

आणि चुंगड्या आजच्या आज काढा. धारेपेक्षा मला त्याची भीती जास्त वाटते. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती टिकत नाही. वेस्टवेअरची पातळी आणि पाळीचा माथा यांच्यात जी जागा सोडलेली असते ती पुराच्या पाण्यासाठी असते, ती तुमच्या गावानं दीड फुटानं खाऊन टाकली आहे.

वऱ्हाडी ठेचा
खेकडे असतीन भाऊ 😀

रिटायर ओव्हरसियर
हसा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं झोपेत वाहून गेली, आणि त्यावर जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांचं नाव घेतलं होतं. गावातले लोक आधीपासून गळतीच्या तक्रारी करत होते. खेकडे, उंदीर, घुशी भोकं पाडतातच, म्हणून तर पाळ दर पावसाळ्याआधी चालून बघायची असते. बिचाऱ्या खेकड्यानं तक्रार अर्ज थोडीच दाबून ठेवला होता.

तळ्याकाठचा (भंडारा)
आमच्याकडं मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वीच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले म्हणतात, मालगुजारी गेल्यावर सरकारकडं आले आणि देखभाल कोणाची हे कोणालाच कळेना. आमच्या म्हाताऱ्यांचा नियम होता, पाळीवर हराळी चालते, झाड चालत नाही. जिवंत झाडाचं मूळ पाळीत पसरतं तोवर ठीक दिसतं, झाड मेलं की मूळ कुजतं आणि मुळाच्या जाडीची पोकळी तयार. तुमची ती वाळकी बाभूळ धारेच्या वरच्या अंगाला आहे का ते पाहा. पण आत्ता जेसीबी लावून मुळासकट उपटू नका हं, तलाव भरलेला आहे. बुडाशी कापा फक्त. उन्हाळ्यात तलाव आटला की खोदून मूळ काढा अन थराथरानं माती भरून दुरमुसानं ठोका.

चुंगड्यांचं म्हणाल तर आमच्याकडं मासे निसटून जाऊ नये म्हणून वेस्टवेअरला जाळी लावत. जाळीत बेशरमाच्या फांद्या, काडीकचरा अडकतो आणि जाळीची भिंत होते. एका वर्षी पाणी पाळीच्या माथ्याला हातभर राहिलं होतं, रात्री पोट्ट्यांनी दोरी बांधून उतरून जाळी कापली. मच्छीमार सोसायटीवाले दुसऱ्या दिवशी भांडायला आले, मासे गेले म्हणून. आता नियम केला, जाळी लावायची तर नवरात्रानंतर.

पऱ्हाटीवाला
ओव्हरसियर काका, धन्यवाद. बाटली भरून ठेवली.

चुंगड्यांचं आता सांगूनच टाकतो, त्या माझ्या चुलत काकानं टाकल्या. त्याचा हरभरा तलावाच्या वरच्या अंगाला असतो, इंजिन लावून पाणी घेतो, मागच्या वर्षी जानेवारीतच तलाव आटला अन त्याचे दोन पाणी चुकले. त्याचंबी खोटं नाही. मी बोललो त म्हणे तुझी विहीर बारा महिने भरून रायते ते कोणाच्या भरोशावर? आता काय बोलता याच्यावर. विहीर खरंच तलावामुळंच भरते.

रिटायर ओव्हरसियर
काकाला सांग, तलावात पाणी जास्त पाहिजे तर उन्हाळ्यात गाळ काढा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार म्हणून योजना आहे २०१७ पासूनची, गाळ वावरात जातो आणि तलावाची जागा मोकळी होते. वर चुंगड्या लावण्यापेक्षा खाली खोली वाढवलेली बरी. फक्त पाळीच्या पायथ्याला लागून खोदू नका, पुष्कळ ठिकाणी जेसीबीवाले सोपं पडतं म्हणून पाळीजवळचीच माती उचलतात, तिथून लांब राहायचं.

बाटलीत माती दिसली तर पाणी उतरवावं लागेल. पाझर तलावाला बहुधा गेट नसतं, तेव्हा पाईपचा सायफन किंवा मोठे पंप. पाळ किंवा वेस्टवेअर फोडून पाणी सोडायचं डोक्यात आणू नका, पाणी वाहायला लागलं की ते तोंड तुमच्या हातात राहत नाही. आणि रात्री नाल्याकाठच्या त्या घरातल्या लोकांना शाळेत झोपवा, धार गढूळ झाली की वाट बघू नका, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन.

ऑफिसचं म्हणशील तर १०० हेक्टरपर्यंत सिंचनाची कामं साधारण जिल्हा परिषदेकडे असतात. ग्रामपंचायतीचा ठराव, तारखेचे फोटो, एक प्रत तहसीलदारांना, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नको. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, पण तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना आणि १० ते १५ मधल्या काहींना. तुझी पाळ साडेसात-आठ मीटर. म्हणून कागद तुलाच हलवावा लागेल.

पऱ्हाटीवाला
अपडेट. बाटलीच्या तळाला माती नाही, अगदी बारीक धूळ असल्यासारखं वाटलं, म्हणून परत भरली. बाबा स्वतः आले पाहायले, बोलले काही नाही, पण ट्रॉलीत रेती भरायले लागले. वाळकी बाभूळ धारेपासून आठ-दहा पावलावर निघाली, वरच्याच अंगाला. चुंगड्या आज दुपारी काढल्या, काकानंच काढल्या, चार पोट्टे सोबत दिले, सायंकाळपर्यंत पाणी चार बोटं उतरलं. घरी आल्यावर म्हणे हरभऱ्याले पाणी कमी पडलं त तुझ्या विहिरीवरून पाईप टाकीन. म्हटलं टाक.

ठराव उद्या मासिक सभेत घेतो म्हणाले. धारेजवळ खुंटी ठोकली आहे.

रिटायर ओव्हरसियर
खुंटी एक नको, ओल जिथपर्यंत आहे तिथं चारी बाजूला ठोक, म्हणजे ओल पसरली तर कळेल. आणि दुसऱ्या बाटलीचा फोटो उजेडात काढ, मागं पांढरा कागद धरून.