मदत हवी आहे: थॅलेसेमियाच्या मुलाला रेशनचा फोर्टिफाइड तांदूळ द्यावा का?

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नियमित रक्त चढवावं लागतं, त्यातून लोह साठतं आणि ते बाहेर काढायला रोज गोळ्या. फेरिटिनचा (साठलेलं लोह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा खाली येईपर्यंत बहिणीच्या जिवाला घोर असतो.

आता प्रश्न तांदळाचा. बहिणीला रेशनवर मिळालाय तो फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषणद्रव्यं घातलेला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ मिसळून यंत्रावर दाणे पाडतात आणि १०० दाण्यांमागे साधारण १ या हिशेबाने साध्या तांदळात मिसळतात. मानकाप्रमाणे किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. म्हणजे पोरानं दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाल्ला तर ४ ते ६ मिलिग्रॅम, त्यातलंही थोडंच अंगी लागतं. चढवलेल्या रक्ताच्या एका पिशवीत मात्र जवळपास २०० मिलिग्रॅम लोह असतं. मग या तांदळाची धास्ती घ्यायची की नाही?

तांदूळ धुताना पिवळसर, हलके दाणे वर येतात, ते बहीण वेचून टाकते. पण सगळे थोडेच वर येतात! शेजारच्या काकू त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात. तसं काही नाही, हे मी सगळ्यांना सांगत असते. लोकांमधला ॲनिमिया (रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं) कमी व्हावा म्हणून तो आणलाय. आमची अडचण वेगळी आहे.

बाहेरचा तांदूळ महिनाभर घेणं तिला परवडत नाही. घरात थॅलेसेमियाचं मूल असलेल्यांनी काय केलंत? डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं? बिस्किटं, पाकीटबंद कणीक घेताना पुड्यावर लोह बघता का? रक्तविकारतज्ज्ञ कुणी इथे असतील तर कृपया लिहा, पुढच्या तपासणीला आम्ही तेच विचारू.