ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर शॅनन निर्देशांकाचे तीन वेगळे आकडे येतात, कोणता धरायचा?

पाऊलखुणा (प्रश्न)

फुलपाखरांच्या ट्रान्सेक्ट मोजणीची (ठरलेल्या रेषेवरून चालत केलेल्या मोजणीची) माहिती आहे. पहिल्या जागी १०० फुलपाखरं, २२ प्रजाती. दुसऱ्या जागी ४०० फुलपाखरं, ३१ प्रजाती. पहिल्या जागेचे आकडे तीन फुकट कॅल्क्युलेटरमध्ये पेस्ट केले, तर शॅनन निर्देशांक (प्रजातींची विविधता मोजणारा आकडा) २.६१, ३.७७ आणि १.१३ असा आला. यातला बरोबर कोणता?

याच अभ्यासात गोगलगायींचं मार्क-रिकॅप्चरही (खूण करून सोडायचं, पुन्हा पकडून एकूण संख्या काढायची) आहे. ५० गोगलगायींना रंगाचा ठिपका दिला. दुसऱ्या फेरीत ४० सापडल्या, त्यात ८ ठिपकेवाल्या. एक साइट एकूण संख्या २५० सांगते, दुसरी २३१.

आणि एका वनस्पतीच्या नोंदींवरून तिचं क्षेत्र काढायचंय. सॉफ्टवेअर न बसवता ब्राउझरमध्येच होईल असं काही आहे का?

देवराई (उत्तर)

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फरक फक्त लॉगच्या पायाचा. २.६१ हा नैसर्गिक लॉगने आलाय, ३.७७ पाया २ ने आणि १.१३ पाया १० ने. पडताळून पाहा: ३.७७ ला ०.६९३ ने गुणा, २.६१ येतं, १.१३ ला २.३०३ ने गुणा, जवळपास तेच. हल्ली बहुतेक शोधनिबंधांत नैसर्गिक लॉग असतो, तोच घ्या आणि अहवालात पाया लिहा. पाया न लिहिलेला शॅनन वाचणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

कुठलंही नवं कॅल्क्युलेटर वापरण्याआधी त्याला उत्तर माहीत असलेलं गणित घालायचं. चार प्रजाती घ्या: ४०, ३०, २०, १०. नैसर्गिक लॉगने १.२८० यायला हवं, पाया २ ने १.८४६, पाया १० ने ०.५५६. सिम्पसन या विविधतेच्या दुसऱ्या निर्देशांकात तर गोंधळ आणखी मोठा, कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी दिल्या जातात. याच आकड्यांवर कोणी ०.३० दाखवतं, कोणी एकातून वजा करून ०.७०, कोणी व्यस्त करून ३.३३. ०.७०७ आलं तर समजा की त्या साइटने लहान नमुन्यासाठीचं, n(n−१) वालं सूत्र वापरलंय. पहिल्यात आकडा वाढला की विविधता कमी, उरलेल्या दोन्हींत जास्त. हे न बघता दोन अहवालांतले सिम्पसन शेजारी ठेवले की निष्कर्षच उलटा होतो.

पेस्ट करताना सगळ्यात जास्त फसवते ती तळातली ‘एकूण’ची ओळ. वरच्या उदाहरणात ती चुकून आत गेली की कॅल्क्युलेटर तिला १०० नग असलेली पाचवी प्रजाती समजतो आणि १.२८ ऐवजी १.३३ देतो. आकडा इतका जवळचा असतो की शंकाच येत नाही. म्हणून निर्देशांकाच्या आधी प्रजातींची संख्या बघा. तुमच्याकडे २२ आणि तिथे २३ दिसलं की कारण तेच. शीटमधले अंक देवनागरीत असतील तर बरीचशी साधनं त्यांना अंक न समजता मजकूर समजतात, ते आधी बदलून घ्या.

आता मुख्य गोष्ट. १०० आणि ४०० नगांच्या जागांची थेट तुलना करू नका. जास्त मोजलं की प्रजाती जास्त सापडणारच. यासाठी आयनेक्स्ट ऑनलाइन वापरा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. संख्या आहे की नुसती हजेरी-गैरहजेरी, हे आधी निवडावं लागतं. हजेरीची माहिती असेल तर पहिला आकडा एकूण नमुना-एककांचा (किती ट्रान्सेक्ट किंवा फेऱ्या केल्या त्याचा) द्यायचा, प्रजातींचा नाही. तो विसरला की पहिली प्रजातीच एककांची संख्या म्हणून वाचली जाते. आलेख तीन पातळ्यांवर मिळतात: q = ० म्हणजे नुसती प्रजातींची संख्या, q = १ म्हणजे शॅननचा घातांक, q = २ म्हणजे सिम्पसनचा व्यस्त. तुमचा २.६१ घातांकात नेला की सुमारे १३.६ होतो: सारख्याच प्रमाणातल्या साडेतेरा प्रजाती असाव्यात इतकी विविधता. हे कोणालाही समजावून सांगता येतं, २.६१ नाही.

१०० ची वक्ररेषा पुढे वाढवायची तर q = ० साठी दुपटीपर्यंतच, म्हणजे २०० पर्यंत. ४०० पर्यंत ओढू नका. त्याऐवजी दोन्ही जागा समान कव्हरेजवर (तिथल्या एकूण नगांपैकी किती टक्के नग आपल्याला सापडलेल्या प्रजातींचे आहेत, त्यावर) आणून तुलना करा.

माळरान (उत्तर)

गोगलगायींबद्दल. २५० हे लिंकन-पीटरसन: ५० × ४० ÷ ८. २३१ हे चॅपमनचं: (५१ × ४१ ÷ ९) − १. परत सापडलेल्या खुणा कमी असल्या की पहिलं सूत्र संख्या फुगवतं, म्हणून चॅपमनच घ्या. पण खरी अडचण पुढे आहे. चॅपमनचं प्रमाण-त्रुटीचं (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो, याचं) सूत्र लावलं तर ती सुमारे ५९ येते, म्हणजे ९५ टक्के विश्वासाने साधारण ११६ ते ३४७. साइटने नुसतं २३१ दाखवलं आणि ही मर्यादा दिली नाही, तर ती साइट सोडा.

सगळं गणित त्या ८ वर तोललेलं आहे. एकाच गोगलगायीचा ठिपका पुसला गेला आणि ८ च्या जागी ७ मोजल्या, तर २३१ चे २६० होतात. म्हणून शंखावरचा चिखल-चिकटा आधी पुसा, रंग पूर्ण वाळल्यावरच सोडा आणि दोन ठिकाणी दोन ठिपके द्या. दुसऱ्या फेरीत एकच ठिपका उरलेल्या किती सापडतात, त्यावरून खूण जाण्याचं प्रमाण काढता येतं. ठिपका वरच्या बाजूला भडक रंगाचा नको. पक्ष्यांना तो दिसला की खूण केलेल्याच जास्त मरतात आणि अंदाज पुन्हा फुगतो. दोन फेऱ्यांमध्ये खूण केलेल्यांना बाकीच्यांत नीट मिसळायला वेळ मिळाला पाहिजे, पण नव्या पिल्लांची भर पडेल इतकं अंतर नको.

कुरण (उत्तर)

वनस्पतीच्या क्षेत्रासाठी जिओकॅट. लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाचं आहे, फुकट आहे, नोंदींची सीएसव्ही फाइल चढवली की आययूसीएनच्या (प्रजाती किती धोक्यात आहे ते ठरवणाऱ्या जागतिक संघटनेच्या) निकषांसाठी लागणारी दोन्ही क्षेत्रं काढून देतं: टोकाच्या नोंदींना जोडणाऱ्या बहुभुजाचं आणि प्रत्यक्ष व्यापलेल्या चौकटींचं.

चौकट २ × २ किलोमीटरचीच ठेवा. ९ नोंदी ९ वेगळ्या चौकटींत असतील तर क्षेत्र ३६ चौरस किलोमीटर येतं, म्हणजे ५०० च्या आत, ‘संकटग्रस्त’ची मर्यादा. चौकट १ किलोमीटरची केली की तेच ९ चौरस किलोमीटर होतं आणि १० च्या आत जाऊन ‘अतिसंकटग्रस्त’ दिसायला लागतं. झाडं तीच, जागा त्याच. आणि नुसत्या क्षेत्रावर वर्ग ठरत नाही. तुकडे होणं किंवा मोजकीच ठिकाणं, सततची घट, टोकाचे चढउतार या तिनांपैकी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

अक्षांश-रेखांश दशांशात द्या. १२ अंश ३० मिनिटे म्हणजे १२.५०; ते १२.३० लिहिलं की बिंदू सुमारे २२ किलोमीटर सरकतो. नकाशावर बिंदू समुद्रात दिसले तर अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे झालेत का ते बघा. बहुभुजाचं क्षेत्र चौकटींपेक्षा कमी आलं, तर ते चौकटींच्या क्षेत्राएवढंच धरायचं असा नियम आहे. वनस्पती चोरून उपटली जाणारी असेल तर तिची नेमकी ठिकाणं असलेली फाइल कुठेही सार्वजनिक करू नका.

पाऊलखुणा

४०-३०-२०-१० तिन्हीकडे घालून पाहिलं, १.२८०, १.८४६, ०.५५६ आले. पहिल्या जागी ६ प्रजातींचा एकेकच नग आहे आणि ३ प्रजातींचे दोन-दोन. ओळख पक्की नसलेले ते एकेक नग काढून टाकावेत का?

देवराई

ओळख चुकली असेल तर दुरुस्त करा, पण एकटे म्हणून काढू नका. न दिसलेल्या प्रजातींचा अंदाज त्यांच्यावरच बांधला जातो. चाओ-१ (न दिसलेल्या धरून एकूण प्रजातींचा अंदाज) चं साधं सूत्र: २२ + (६ × ६) ÷ (२ × ३) = २८, आणि हीसुद्धा किमान मर्यादा. कव्हरेजही त्यांच्यावरूनच निघतं: १ − ६/१००, म्हणजे सुमारे ९४ टक्के. ते सहा काढले की साधन सांगेल कव्हरेज १०० टक्के, एकही प्रजाती राहिली नाही.