एकच कळ बंद पडली असेल, तर कळफलक बदलण्याची घाई नको

लॅपटॉपची केवळ डी ही कळ उमटत नसताना ठाण्यातील दुरुस्तीवाल्याने संपूर्ण कळफलक बदलण्यास सांगितले, असे आपण लिहिले आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळरचनेत मराठी लिहिणाऱ्याला ही कळ किती महत्त्वाची आहे हे मी जाणतो, कारण हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, याच कळीवर असतो आणि तो नसला की जोडाक्षरच होत नाही.

माझी विनंती आहे की, आधी यूएसबीचा दुसरा कळफलक जोडून पाहावा. त्यावरही डी उमटत नसेल, तर कळांची अदलाबदल करणारे एखादे सॉफ्टवेअर चालू आहे का ते तपासावे. उमटत असेल, तर दोष लॅपटॉपच्याच कळफलकात आहे. कळांखाली आडव्या-उभ्या वाहकरेषांचे जाळे असते, त्यामुळे एखादी रेषा तुटली की सहसा अनेक कळा एकदम बंद पडतात. एकच कळ अडत असेल, तर तिच्याखाली धूळ किंवा ओलावा असण्याची शक्यता अधिक.

मी वाशीला खाडीजवळ राहतो आणि गेल्या पावसाळ्यात माझीही एक कळ अशीच अडली होती. लॅपटॉप पूर्ण बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कापसाची काडी कळीच्या कडेने फिरवली, रात्रभर वाळू दिले आणि सकाळी ती चालू झाली. कळीची टोपी मात्र स्वतः उचकटू नये, कारण तिला धरून ठेवणारे खालचे नाजूक हूक सहज मोडतात.

तोवर विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबून पडद्यावरचा कळफलक उघडावा. काम अडणार नाही.