मदत हवी आहे: ओल्या हवेतही भरवशाने आग पेटवायला नेमकं काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आमचा चार-पाच जणांचा गट आहे. जंगलात दोन-तीन रात्री मुक्काम करत भटकतो. स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्ह असतो, त्यामुळे लाकडं पेटवायची वेळ सहसा येत नाही. पुढचा बेत मात्र लांबचा आहे, थंडी असणार आणि पावसाचा भरवसा नाही. जिथे परवानगी आहे तिथे शेकोटी करायची आहेच. शिवाय कुणी चिंब भिजून कुडकुडायला लागलं, तर आग पेटायलाच हवी. तिथे 'बघू, पेटली तर पेटली' चालणार नाही.

सध्या सामानात साधी काडेपेटी आणि स्टोव्हला जोडलेलं खटक्याचं बटण एवढंच आहे. बटण दमट हवेत रुसतं. काडेपेटीचं दुखणं तर सगळ्यांना माहीत आहे: लाल फॉस्फरस पेटीच्या पट्टीत असतो, काडीच्या गुलात नाही, त्यामुळे पट्टी भिजली की आतल्या काड्या कोरड्या असूनही उपयोग शून्य.

शोधाशोध केली तर डोकंच चक्रावलं. एकजण म्हणतो फेरो रॉड (खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) घ्या, जन्मभर पुरतो. दुसरा म्हणतो जेट लायटर, वाऱ्याला दाद देत नाही. तिसरा चार्जिंगवाल्या लायटरच्या प्रेमात. फेरो रॉडच्या व्हिडिओंत सगळे एका फटक्यात जाळ करतात, पण ते सुक्या हवेत, सुक्या गवतावर आणि बहुधा दहाव्या टेकमध्ये!

गटातल्या दोघांना सुरीकामाची सवय नाही. वजनाची फार चिंता नाही, कारण या सगळ्या वस्तू मुठीत मावणाऱ्याच आहेत. प्रत्यक्ष पावसाथंडीत वापरलेल्यांनी सांगावं: मुख्य साधन कोणतं, राखीव कोणतं, आणि सोबत पेटवण म्हणून काय न्यायचं?

डोंगरवारा:
मुख्य साधन म्हणून साधा चाकाचा, पारदर्शक लायटर घ्या. गॅस किती उरलाय ते दिसतं. प्रत्येकाच्या खिशात एक, म्हणजे एकाची सॅक वाहून गेली तरी अडत नाही.

जेट लायटरच्या नादी लागू नका. वाऱ्यात छान चालतो हे खरं, पण तो खटक्यावर पेटतो, उंचीवर कुरकुरतो आणि नळीत कचरा अडकला की संपलं. चाकाचा लायटर भिजला तर झटकायचा, चाकावर फुंकर मारायची आणि ते सुक्या कापडावर पुन्हा पुन्हा घासून फिरवायचं. थोड्या वेळात ठिणगी परत येते. गॅस संपला तरी ठिणगी पडतच राहते, कारण आतला खडा फेरो रॉडच्याच जातीचा असतो.

थंडीत मात्र जपावं लागतं. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, त्याखाली तापमान गेलं की गॅस बाहेर पडण्याइतका दाबच बनत नाही. म्हणून लायटर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको, आतल्या खिशात अंगाजवळ हवा. रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपा. आणि सॅकमध्ये ठेवायचाच असेल तर दांडीखाली केबल टाय अडकवा, नाहीतर सामानाच्या दाबाने गॅस गुपचूप निघून जातो.

काटकी:
वरच्याला दुजोरा, पण राखीव म्हणून फेरो रॉड हवाच. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ मध्ये पेटंट घेतलेला हा मिश्रधातू, त्यातला सेरियम अगदी कमी तापमानाला पेट घेतो. म्हणून नुसतं खरवडलं तरी सुमारे ३००० अंशांच्या ठिणग्या उडतात. पाण्यात पडला तर पुसायचा आणि घासायचा. ८ ते १० मिलिमीटर जाडीचा घ्या, किल्लीला लटकवायचे बारके तुकडे हातात धरवत नाहीत.

व्हिडिओत जे नीट दाखवत नाहीत ते सांगते. नव्या रॉडवर काळा लेप असतो, तो आधी खरवडून काढा, तोवर ठिणगी पडणारच नाही. सुरी वापरायची तर पातं नाही, पाठ वापरा, तीही काटकोनी कडेची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सुरी पुढे ढकलू नका. रॉडचं टोक पेटवणावर टेकवायचं, सुरी जागच्या जागी घट्ट धरायची आणि रॉड मागे ओढायचा. असं केलं की हात पेटवणावर आदळून ते विस्कटत नाही. सोबत मिळणारी खरवडायची पट्टी धारदार नसते, त्यामुळे तुमच्या त्या दोघांनाही जमेल.

पण ठिणगीने काटकी पेटत नाही, तिला आधी कापसासारखं काहीतरी लागतं. कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून हवाबंद डबीत भरा. वापरताना तो गोळा तसाच ठेवू नका, बोटांनी पिंजून सुके तंतू वर काढा. ठिणगी त्या तंतूंना धरते आणि व्हॅसलीन जाळ काही मिनिटं टिकवतं. तेवढ्यात बारीक काटक्या धरल्या पाहिजेत.

पायवाट:
चार्जिंगवाला लायटर म्हणजे आणखी एक बॅटरी सांभाळा. शिवाय ठिणगीची जागा इतकी अरुंद की जाडसर काही आत जातच नाही. वादळी काड्या मात्र ठेवा, भरवाऱ्यातही विझत नाहीत. पण त्यातल्या बहुतेक काड्यांना पेटीची पट्टी लागतेच, ती कापून वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. कापूर ज्योतीवर लगेच धरतो, पण उघडा राहिला तर उडून जातो, तेव्हा डबी पक्की बंद हवी.

सावली:
जरा वेगळं बोलते. भिजून कुडकुडणाऱ्या माणसासाठी आग हा पहिला उपाय नाही. आधी आडोसा, ओले कपडे उतरवणं, कोरडे चढवणं, अंगाखाली मॅट, मग शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय. पावसात ओली लाकडं पेटवायला अर्धा तास सहज जातो, तेवढा वेळ तो माणूस तसाच ठेवणार का? तंबूत स्टोव्ह पेटवायचा मोह मात्र टाळा, आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे.

सरपण जमिनीवरचं उचलू नका, ते स्पंजासारखं पाणी धरून असतं. झाडावरच वाळलेल्या किंवा अधांतरी अडकलेल्या फांद्या बघा. कडकन मोडली तर घ्या, लवली तर सोडा. जाड लाकूड फोडलंत तर आतला गाभा बहुधा सुका निघतो. निघण्याआधी त्या भागात आगबंदी आहे का तेही बघा.

विमानाने जाणार असाल तर लायटर आणि काड्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. अंगावर एखादा चालतो का हे देशागणिक बदलतं, काही ठिकाणी तोही काढून घेतात. तिथे पोहोचल्यावर घेतलेलं बरं.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. ठरलं: प्रत्येकी एक चाकाचा लायटर, दोन फेरो रॉड, व्हॅसलीनचा कापूस दोन वेगळ्या डब्यांत, आणि घरामागे मुद्दाम ओल्या काटक्यांवर सराव. सावलीताई, कपड्यांचा मुद्दा गटात आजच सांगतो. एकच शंका उरली: स्टोव्हचं बटण बिघडलं तर फेरो रॉडने गॅस पेटतो का?

काटकी:
पेटतो, आणि छान पेटतो. रॉड बर्नरच्या कडेला तयार धरा, चेहरा बाजूला ठेवा, गॅस अगदी थोडा उघडा आणि लगेच घासा. दोन-तीन फटक्यांत पेटला नाही तर गॅस बंद करा, साठलेला वायू उडून जाऊ द्या, मग पुन्हा. गॅस मोठा सोडून घासत बसलात तर भुवया जातील.