लाल ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर लघवी गुलाबी झाली, आईला हे फळ द्यायचं की बंद करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, प्रश्न आईबद्दल आहे. वय ६१. दोन महिन्यांपूर्वी तिची उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी नको, चालणं वाढवा. तेवढ्यात कोणीतरी तिला मेसेज पाठवला की ड्रॅगन फ्रूटने साखर मुळापासून जाते, रक्त वाढतं, प्लेटलेट वाढतात, झालं, तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर एक अख्खं फळ, तेही आतून लाल असलेलंच कारण मेसेजमध्ये तसं लिहिलं होतं.

परवा सकाळी तिने मला हाक मारली तर लघवी चक्क गुलाबी. मी इतकी घाबरले की तासाभरात सँपल लॅबमध्ये दिलं. रिपोर्टमध्ये लाल पेशी नाहीत, इन्फेक्शन नाही. डॉक्टरांनी विचारलं बीट खाल्लं होतं का, तेव्हा कुठे मला फळ आठवलं. त्यांनी सांगितलं रंग फळाचा आहे, पण तिथे गर्दी होती म्हणून बाकीचं विचारायचं राहूनच गेलं.

तर मला हे हवंय: साखरेला खरंच उपयोग होतो का, किती खावं, आणि पांढरं चांगलं की लाल? आईचा त्या मेसेजवर फार विश्वास बसलाय, नुसतं नको म्हणून ती ऐकणार नाही, तिला पटेल असं काहीतरी सांगा.

आहारतज्ज्ञ_मी:
ताई, लगेच तपासणी केलीत हे उत्तम केलंत. लघवी लाल दिसली की फळाचाच रंग असेल असं धरून कोणी बसू नये, विशेषतः फळ थांबवून दोन दिवस झाले तरी रंग राहिला तर.

लाल गरात बीटासारखीच बीटासायनिन नावाची रंगद्रव्यं असतात, काहींच्या शरीरात ती पूर्ण मोडत नाहीत आणि लघवीतून, शौचातून तशीच बाहेर पडतात. त्रास काही नाही. पांढऱ्या गरात ती नसतात, म्हणून पांढरं खाल्लं तर असा घोळ होणार नाही. बाकी पोषण दोन्हीत जवळपास सारखंच, लाल रंगद्रव्यं अँटिऑक्सिडंट आहेत एवढाच लालचा फायदा.

आता साखर. १०० ग्रॅम गरात ५० ते ६० कॅलरी, साखर १० ग्रॅमच्या आसपास, फायबर साधारण ३ ग्रॅम, उरलेलं बहुतेक पाणी. अख्ख्या फळातून २५०-३०० ग्रॅम गर सहज निघतो, म्हणजे आई रोज रात्री जेवणावर २५ ते ३० ग्रॅम साखर घेतायत. हा हिशोब त्यांच्यासमोर वजनकाट्यावर करून दाखवा, माझ्या अनुभवात समजावण्यापेक्षा हे लवकर पटतं.

अभ्यास झालेत, नाही असं नाही. २०१७ मध्ये प्लॉस वन या संशोधन नियतकालिकात आधीच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या होत्या, त्यात उंबरठ्यावरच्या लोकांची उपाशीपोटीची साखर कमी झालेली दिसली पण टाइप २ डायबेटीसवाल्यांमध्ये ठोस फरक दिसला नाही. आणि चाचण्या अगदी मोजक्या, लहान. त्यावरून "मुळापासून जाते" म्हणणं चूक आहे. प्लेटलेटचंही तसंच, भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. लोह म्हणाल तर १०० ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, त्याने रक्त काय वाढणार.

निवडुंग:
माझ्या घरात दोन वर्षं हे फळ येतंय, बद्धकोष्ठतेला मात्र छान उपयोग होतो. फायबर आहे, बिया आहेत, शिवाय आतड्यातल्या चांगल्या जंतूंना लागणाऱ्या ऑलिगोसॅकराइड प्रकारच्या शर्करा असतात. फक्त एकदम जास्त खाल्लं की पोट ढिलं होतं. आणि ज्यूस करून गाळू नका हो, फायबर चोथ्यातच जातं.

आहारतज्ज्ञ_मी:
बरोबर. ताई, अर्धं फळ पुरे, जेवणावर नको, दुपारी मधल्या वेळेत द्या आणि त्या दिवशी दुसरं गोड फळ कमी करा. क जीवनसत्त्वासाठी खात असतील तर संत्रं कितीतरी वरचढ आहे. त्यांना किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियमसाठी आधी डॉक्टरांना विचारा. आईंना शौचाला त्रास आहे का? चालणं सुरू आहे का?

धागाकर्ती:
किडनी ठीक आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आलंय. शौचाचा त्रास होता, तो खरंच कमी झालाय, म्हणून तिला फळ लागू पडतंय असं वाटत असावं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चालणं मात्र बंद पडलंय, फळ खातेय ना मग कशाला असं म्हणते, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच आहे. आज काट्यावर गर मोजला, २७० ग्रॅम भरला. ती बराच वेळ आकड्याकडे बघत होती, मग अर्धं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. संध्याकाळी मीच तिच्याबरोबर चालायला जाणार आहे. गुडघे थोडे दुखतात तिचे, तर सुरुवात किती मिनिटांपासून करू?