घाणेरीच्या रानात मेंढ्या सोडाव्यात का?

रानवारा:
पड रान आहे, निम्मं घाणेरीनं (टणटणी म्हणतात तीच) भरलेलं, मधल्या पट्ट्यात गवत चांगलंय. आमची मेंढरं चार वर्षं तिथंच चरतात, मधनंच एखादं पान ओरबाडतात पण आजवर एकही दगावलं नाही. आता शेजाऱ्यानं नवा कळप आणलाय आणि तो तिथं सोडायला घाबरतोय. मी म्हणतो जनावराला आपल्यापेक्षा जास्त कळतं, वाईट असेल त्याला ते तोंडच लावत नाही.

कोकरू_७:
नाही पटलं दादा. तोंड लावत नाही ते पोट भरलेलं असतं तोवर. गवत संपलं किंवा जनावर प्रवासातनं उपाशी उतरलं की समोर येईल ते खातं, आणि ज्यांनी घाणेरी कधी बघितलीच नाही त्यांना धोका जास्त. पानातलं लॅन्टाडीन नावाचं विष यकृत बिघडवतं, पित्त अडकतं, कावीळ होते, मग कातडीला ऊन सोसत नाही. आमच्या एका मेंढीचं सांगते, पहिल्या दिवशी नुसतं रवंथ बंद आणि लेंड्या कडक, आम्हाला वाटलं अपचन. नंतर ती सावलीतनं उठेचना, कान सुजून लोंबायला लागले, नाकावरची कातडी तडकली, पापणी उलटून बघितली तर आत हळद. वाचली नाही ती.

माळकरी:
वाईट झालं ताई. पण म्हणून अख्खं रान बंद करायचं का? मेंढ्या नाही सोडल्या तर गवत वाळून जाणार आणि घाणेरी अजून पसरणार. लाल फुलांची जास्त विषारी असते, आमच्याकडं गुलाबी आहे, काही होत नाही.

कोकरू_७:
फुलाच्या रंगावर जनावर पणाला लावू नका हो, गुलाबीतही विषारी प्रकार निघतात. आणि एकदा खाल्लं की पोटाची हालचालच थांबते, पाला आत तसाच पडून राहतो आणि विष रक्तात उतरतच राहतं, म्हणून जनावर रानाबाहेर काढलं म्हणजे सुटलं असं होत नाही. लगेच डॉक्टर बोलवायचा, सावलीत बांधायचं, पोटातलं विष शोषायला ते अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल पाजतात.

रानवारा:
पोटात पडून राहतं हे मला खरंच माहीत नव्हतं. शेजाऱ्याला सांगतो, नवा कळप इतक्यात तिथं नको. आमची जुनी जातील पण सकाळी चारा खाऊनच, आणि गवत खुरटं झालं की त्याच दिवशी बाहेर.